पाण्यावरचा पहारा

मुंबईत गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या किनाऱ्यांवर महानगरपालिकेने जीवरक्षक नेमलेले आहेत. गळ्यात शिट्टी, हाताशी तरंगता ठोकळा, नजर लाटेवर. त्याचे मुख्य काम उडी मारण्याचे नाही, पाहत राहण्याचे आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून 'वाचवा' म्हणत नाही, कारण श्वासच पुरत नसल्याने त्याचा आवाज फुटत नाही. अर्ध्या-एक मिनिटात तो निमूटपणे खाली जातो. म्हणून समाजाने कोणाला तरी पगार देऊन पाण्याकडे पाहायला बसवले, ही अलीकडच्या काळातली एक मोठी माणुसकीची सोय आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. पण पाणी आहे. दक्षिणेला तापी, तिच्यावर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे अडवलेले खोल पाणी, नवापूरच्या बाजूला १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा आणि सातपुड्याच्या पलीकडे सरदार सरोवराने तुंबवलेली नर्मदा. माणसे बुडतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि शेवटची ओळ ठरलेली असते : पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला या 'अकस्मात' शब्दाचा त्रास होतो. ज्याला कारणांची रांग असते त्याला अकस्मात कसे म्हणावे? म्हणून मी स्वतःला प्रश्न विचारला : आपल्या भागात पाण्यावर पहारा कोण करीत होते, आणि कोणासाठी?

उत्तर शोधू लागलो तेव्हा पहिल्याच पायरीवर ठेच लागली. पाण्यावर पहारा आपल्याकडे जुनाच आहे. फक्त तो माणसाला पाण्यापासून वाचवण्यासाठी नव्हता, पाण्याला माणसापासून वाचवण्यासाठी होता. तो माणूस म्हणजे आपण.

महाडचा इतिहास वाचकांना नव्याने सांगायला नको. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. पुढे काय झाले? ते तळे शुद्ध करण्यासाठी गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतण्यात आल्या. मग कोर्टकचेरी झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. चार कदम चालून ओंजळभर पाणी घेतल्याला कायद्याची मान्यता मिळायला दहा वर्षे लागली. हा सगळा लढा आपण पिण्याच्या पाण्याचा लढा म्हणून शिकवतो, आणि तो तसा आहेच. पण पाण्याशी माणसाचे नाते केवळ तहानेचे नसते. माणूस पाण्यात धुतो, उतरतो, खेळतो, पोहतो, ते ओलांडतो, आणि त्यात बुडतो. तहानेबद्दल आपल्या साहित्याने पुष्कळ लिहिले. बुडण्याबद्दल आपण फारसे बोललेलो नाही. का बोललो नाही याची लाज मला माझ्या स्वतःच्या घरापासून वाटते, म्हणून ती हकिकत आधी सांगतो.

माझे गाव शहादे तालुक्यात, तापीकाठी. माझे आजोबा वतनदार महार होते. इनाम जमीन दाखवण्यापुरती, राबणूक मात्र चोवीस तासांची. मेलेले ढोर ओढणे, मयताचा सांगावा गावोगाव पोचवणे, बेवारस प्रेताची राखण करणे या कामांबरोबर आणखी एक काम त्यांच्याकडे होते. नदीत किंवा विहिरीत कोणी बुडून मेले की प्रेत काढायला त्यांना बोलावीत. ते पट्टीचे बुडी मारणारे होते. हे ते कोठे शिकले? नदीच्या डोहात, म्हशी धुताना. विहिरीत उतरण्याची त्यांना बंदी होती. पण त्याच विहिरीत मढे असले की बंदी उठे. आजोबा अहिराणीत म्हणत, "मढं काढाले आमले बलावेत, पानी काढाले नही." ते हसून म्हणत. मला ते हसणे समजायला एम.ए. व्हावे लागले.

१९५८ साली कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून महारकी संपली. बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात बिल मांडले होते, म्हणजे तीस वर्षांनी. आमच्या वस्तीने तोवर धर्मांतर केले होते. ढोरे ओढणे बंद झाले. पण बुडालेले प्रेत काढण्याचे बोलावणे यायचे थांबले नाही. गावाला सगळ्याच कामांसाठी माणसे मिळाली, या कामासाठी मिळाली नाहीत.

१९६२ च्या सुमाराची गोष्ट. माझी आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन गावविहिरीपासून लांब बसत आणि वरच्या बाईला दया आली म्हणजे ती वरून पाणी घाली. त्या दुपारी खूप वेळ कोणी आले नाही. पोर उठली आणि काठावर गेली. तिचा पाय घसरला. आरडाओरडा झाला, पारावरची माणसे धावली. त्यांत चांगले पोहणारे तीन-चार जण होते, त्याच विहिरीत लहानपणापासून सूर मारलेले. एक म्हातारी सांगते की दोर सोडला होता, पोरीला तो धरता आला नाही. दुसरे दोघे सांगतात की दोरही सोडला नाही. याबाबतीत तिघांच्या सांगण्यात मेळ नाही, पण पुढच्या गोष्टीबाबत आहे. कोणीतरी म्हणाले, महारवाड्यातून माणूस बोलवा. एक पोरगा पळाला. आजोबा वस्तीत नव्हते, मळ्यात होते. तो तिकडे पळाला. आजोबा आले, विहिरीत उतरले आणि आपली मुलगी वर घेऊन आले. मढे काढायला त्यांना उतरू दिलेच असते. मग दोन दिवस विहीर उपसली आणि गोमूत्र शिंपडले. उपसायला आजोबांनाच लावले.

गेल्या वर्षी मी घड्याळ लावून ते अंतर चाललो. विहीर ते आमची वस्ती, सात मिनिटे. पळत गेले तरी चार. तेथून मळा आणखी लांब. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याला इजा होऊ लागते, हे आज प्रथमोपचाराच्या कोणत्याही वर्गात शिकवतात. म्हणजे गावाची रचना आणि माणसाचा श्वास यांचे गणित आधीच मांडलेले होते. गावकुसाबाहेरचे अंतर हे वाङ्मयीन रूपक नाही. ते मिनिटांत मोजता येते.

ते तीन-चार जण राक्षस होते असे मी म्हणत नाही. त्यांतला एक पुढे माझ्या वडिलांच्या लग्नात आहेर घेऊन आला होता. ते फक्त अडखळले. शिवायचे की नाही, एवढाच तो विचार. जातिव्यवस्था पुष्कळदा द्वेषाने मारत नाही, अशा अडखळण्याने मारते. आणि तो विचार संपेपर्यंत श्वास संपलेला असतो.

मग मला वाटले, हे अडखळणे जगात इतरत्र नव्हते काय? होते. युरोपात अठराव्या शतकापर्यंत बुडालेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरत. अंमलदार येण्याआधी देहाला हात लावला तर आपल्यावर बालंट येईल अशी भीती होती, आत्महत्येचा विटाळ होता. १७६७ साली ॲमस्टरडॅममध्ये काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था काढली. १७७४ साली लंडनमध्ये हॉज आणि कोगन या दोन डॉक्टरांनी तशीच संस्था काढली. तिने काय केले? बुडालेल्याला शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न करणाऱ्याला बक्षीस लावले, आणि असा देह आपल्या घरात घेणाऱ्या खानावळवाल्यालाही पैसे दिले. म्हणजे स्पर्शाची भीती पैसे मोजून मोडली. १८९१ साली इंग्लंडात जीवरक्षणाचे रीतसर शिक्षण देणारी संस्था निघाली, १९०७ साली ऑस्ट्रेलियात बाँडायच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांचे मंडळ उभे राहिले. आजचा जीवरक्षक या परंपरेतून आला आहे.

त्यांच्याकडची भीती कायद्याची आणि भुताखेताची होती. आमच्याकडची धर्माची होती. कायद्याची भीती बक्षिसाने मोडते. धर्माची कशाने मोडायची? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आलेले पत्र दिले आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टरने दोन रुपये फी घेतली, वस्तीबाहेर उभा राहिला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत त्याच वाटेने. न्यूमोनिया आहे एवढे सांगून तो गेला आणि पुन्हा आला नाही. बाई मेली. ज्याने काचेची कांडी हातातून हातात देतानाही माणूस मध्ये घातला, त्याच्या विद्येचे काय करायचे? १९५० नंतरच्या दशकात तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची पद्धत वैद्यकाने सिद्ध केली. ती वाचताना मी बराच वेळ थांबलो. ज्या समाजात पाण्याचा पेला वरून ओततात, त्या समाजाला विज्ञान सांगते : आपला श्वास दुसऱ्याच्या तोंडात भर. बेटीव्यवहार, रोटीव्यवहार यांवर आपण पुस्तके लिहिली. श्वासव्यवहार हा शब्द कोणी घडवला नाही.

अमेरिकेतील काळ्या बांधवांचा इतिहास येथे आठवतो. १९७२ साली दलित पँथरने त्यांच्यापासून नाव घेतले ते उगाच नव्हे. २७ जुलै १९१९ रोजी शिकागोच्या सरोवरात सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स तराफ्यावर खेळता खेळता गोऱ्यांच्या पाण्यात गेला. पाण्यावर रेषा आखलेली नव्हती, पण ती होती. काठावरून दगड आले, मुलगा बुडाला, पोलिसाने दगड मारणाऱ्याला धरले नाही. दंगल पेटली, ३८ माणसे मेली, त्यांतली २३ काळी. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी काळे-गोरे सत्याग्रही एका मोटेलच्या पोहण्याच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने तलावात ॲसिड ओतले. दुसऱ्याच दिवशी तिथल्या सिनेटने नागरी हक्कांचा कायदा मंजूर केला. महाडच्या १०८ घागरी आणि हे ॲसिड यांत फरक आहे तो रसायनशास्त्राचा. पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. अनेक शहरांनी काळ्यांना घ्यावे लागू नये म्हणून सार्वजनिक तलावच बंद केले. दोन-तीन पिढ्या पोहायला शिकल्या नाहीत, आणि तलावांत काळी मुले गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त बुडतात हे तिथल्या सरकारचेच आकडे सांगतात. बंदी उठली तरी ती अंगात उरते.

हे वाचून मी आमच्या वस्तीकडे पाहिले. आपल्या खेड्यांत पोहणे कोठे शिकतात? विहिरीत. पाठीला भोपळा बांधतात, सुकडी बांधतात, रॉकेलचा रिकामा डबा बांधतात, आणि काका-मामा वरून ढकलून देतात. ज्याची विहीर त्याचे पोहणे. आपण पोहण्याला अंगची कला समजतो, ती खरे तर मालमत्ता आहे. आमच्या वस्तीत आजोबांनंतर पोहणारा झाला नाही. आत्या गेल्यावर आजोबांनी माझ्या वडिलांना पाण्याजवळ जाऊ दिले नाही, वडिलांनी मला. मी वर्गात धर्मांतराचा इतिहास शिकवतो, महाडचा शिकवतो, आणि कमरेएवढ्या पाण्यात माझे पाय लटपटतात. शहरात शिकायला होतो तेव्हा एका तरणतलावाच्या खिडकीशी अर्ज घेऊन उभा राहिलो होतो. खिडकीतल्या माणसाने आडनाव वाचले, वर पाहिले आणि म्हणाला, "पाणी रोज बदलत नाहीत इथे." त्याला काय म्हणायचे होते ते मी विचारले नाही. परत आलो. विचारायला हवे होते.

आता नर्मदेकडे. येथे बुडण्याचा इतिहास आदिवासींचा आहे आणि तो आपला नाही असे समजून आपल्या लेखकांनी तो त्यांच्यावर सोडून दिला, ही आपली चूक आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात दर दहांमागे जवळजवळ सात माणसे आदिवासी आहेत. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराने बाधित झाली. वाहत्या नर्मदेची या भिल्ल-पावरा लोकांना पिढ्यान्पिढ्या ओळख होती. कोठे उतार, कोठे डोह, कोणत्या महिन्यात कोणती वाट, हे त्यांना पाठ होते. धरणाने नदीचा तलाव केला आणि हे सगळे ज्ञान एका रात्रीत कुचकामी झाले. पाणी थांबले, काठ नाहीसा झाला, डोंगरउतारावर गाळ बसला, त्यात ढोरे रुतू लागली. पायवाटा पाण्याखाली गेल्या आणि शेजारच्या पाड्याला जायलाही होडी लागू लागली.

या काळात शासनाने येथे जीवरक्षक ठेवला होता काय? गंमत अशी की ठेवला होता. 'डूबेंगे पर हटेंगे नहीं' म्हणत नर्मदा बचाव आंदोलनाची माणसे घरांत बसून राहिली. १९९३ साली जलसमर्पणाची घोषणा झाली, तेव्हा त्यांनी बुडू नये म्हणून पोलिसांचा बंदोबस्त आला. १९९९ च्या पावसाळ्यात अक्राणीतल्या डोमखेडीला सत्याग्रही छातीपर्यंत, गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले, तेव्हा पोलिसांनी त्यांना पाण्यातून ओढून बाहेर काढले. आमच्या जिल्ह्यात शासन पाण्यात उतरून माणसे बाहेर काढताना दिसले ते असे! जे स्वतःचे घर वाचवायला उभे होते त्यांचा जीव वाचवण्याची घाई. जो रोज होडीने दळण आणायला जातो, त्याच्यासाठी मात्र काठावर कोणी नाही.

१५ जानेवारी २०१९, मकरसंक्रांत. धडगाव तालुक्यात भुषा येथे संक्रांतीच्या स्नानाला निघालेल्या आदिवासींनी भरलेली होडी उलटली. तीत सुमारे साठ माणसे होती. निदान सहा जण मेले, त्यांत मुले होती. बाकीची वाचली, कारण काठावरच्या माणसांनी हाताला लागेल ते घेऊन पाणी गाठले. राज्याचे आपत्ती प्रतिसाद दल धुळ्याहून निघणार, शहादे ओलांडणार, घाट चढणार. तोवर वाचवायचे काय उरते? ते येते तेव्हा प्रेते शोधायला येते. म्हणजे पुन्हा आजोबांचेच काम, फक्त गणवेशात. फेरी आणि होड्यांचा कायदा मुंबई इलाख्यात १८६८ पासून आहे. त्याने फेरीचा लिलाव कसा करावा, वसूल कसा घ्यावा हे नीट शिकवले. होडीत माणूस किती बसवावा हे मात्र धडगावच्या काठावर अजून गर्दीच ठरवते.

त्याच पाण्यावर २०२० साली चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी काय केले ते वर्तमानपत्रांतून आपण वाचले. कोरोनाच्या भीतीने आया-लेकरे अंगणवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी कोळ्याची होडी मागून घेतली आणि आहार घेऊन स्वतः वल्हवत अठरा किलोमीटर जाऊ लागल्या. त्यांचे खूप कौतुक झाले. ते योग्यच आहे. पण कौतुक झाले की व्यवस्थेला हायसे वाटते, हेही खरे. एका बाईला लेकरांचे वजन करायला एकटीने धरण ओलांडावे लागते, यात गौरव तिचा आहे आणि नामुष्की दुसऱ्या कोणाची तरी.

२०२२ साली देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेल्याची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते त्या उपायांत अवघड काही नाही : पाण्याला कठडा, लहान मुलांवर दिवसभर लक्ष, मुलांना पोहायला शिकवणे, काठावरच्या लोकांना वाचवण्याचे शिक्षण, होड्यांना नियम. उडी सर्वांत शेवटी. आधी बांबू पुढे करा, मग दोर किंवा रिकामा डबा फेका, मग होडी घाला. हे शिकायला विद्यापीठ लागत नाही. भुषाला, प्रकाशाला, सारंगखेड्याच्या दत्तयात्रेला दोन पगारी माणसे बसवायला केवढा खर्च येईल? तापीकाठचे भोई आणि कोळी, नर्मदेकाठचे पावरा तरुण हे काम आजही करतात, तहसीलचा निरोप आला की, बिनपगारी, आणि बहुधा जीव गेल्यावर. पंचनाम्यात त्यांचे नाव आले तर पंच म्हणून. हीच जुनी राबणूक आहे, फक्त वतनाच्या वहीत नाही. माझी मागणी साधी आहे. या माणसांना जीव जाण्याआधी बोलवा, आणि पगार द्या. कंत्राटावर नको, पदावर.

आमच्या महाविद्यालयात अक्राणीचा एक पावरा विद्यार्थी आहे. बी.ए.ला इतिहास घेतो, सनावळ्या चुकवतो. मी वर्गात विचारले, पोहता कोणाकोणाला येते? साठ मुलांत हात वर झाले अकरा, त्यांत मुलगी एक. तो म्हणाला, "सर, तुमचा हात?" त्याने मला शिकवायचे ठरवले. मार्चपासून रविवारी सकाळी आम्ही तापीवर जातो, जेथे पाणी छातीच्या वर जात नाही तेथे. पाठीला पाच लिटरचे दोन रिकामे कॅन. तो हनुवटीखाली हात धरून मला वर ठेवतो आणि म्हणतो, अंग सोडा सर, अंग सोडा. मला अजून अंग सोडता येत नाही.

वडील येतात बरोबर. नको म्हटले तरी येतात. काठावरच्या दगडावर बसतात, दोराचे एक टोक मनगटाला गुंडाळलेले, दुसरे माझ्या कमरेला. तासभर ते कोणाशी बोलत नाहीत. डोळे पाण्यावर.